लॅपटॉप उठलाच नाही तर? रिकव्हरी पेनड्राइव्ह घेताना काय बघायचं

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. नेहमीप्रमाणे बोलण्यातलं 'म्हणजे' आणि 'तर' थोडं कमी केलंय, बाकी सूर तोच ठेवलाय.

आजचा विषय बोटभर लांबीचा आहे. पेनड्राइव्ह. आता तुम्ही म्हणाल, पेनड्राइव्ह कोण वापरतं हल्ली? फोटो व्हॉट्सअॅपवर जातात, असाइनमेंट क्लाउडवर असते. अगदी खरंय. फाइली इकडून तिकडे न्यायच्या कामातून पेनड्राइव्ह जवळजवळ निवृत्त झालाय. पण एक काम असं आहे, ज्याला अजून तोच लागतो. लॅपटॉप चालूच होत नसेल, तेव्हा बाहेरून त्याला उठवणं. या कामासाठी बनवलेल्या पेनड्राइव्हला म्हणतात बूटेबल रिकव्हरी मीडिया. आणि दुकानात 'भारीतला दाखवा' म्हणून घेतलेला पेनड्राइव्ह या कामाला चांगला असेलच असं नाही. का, ते बघू.

८५ लाख मशीन आणि एक फाइल

१९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट जगभरच्या विंडोज मशीनवर गेला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील.

आता गंमत बघा. कंपनीने तो अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतला होता. दुरुस्तीही साधी होती, एक फाइल डिलीट करायची. मग इतके दिवस का लागले? कारण मशीन चालूच होत नव्हती, तर फाइल डिलीट करणार कशी? शेवटी माणसाला प्रत्येक मशीनपाशी जाऊन हाताने काम करावं लागलं. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी एक टूल काढलं, जे पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन बूट करायचं. त्या टूलची अट होती: पेनड्राइव्ह किमान १ जीबीचा हवा आणि जास्तीत जास्त ३२ जीबीचा. 'जास्तीत जास्त' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याकडे येणार आहोत.

ही झाली कंपन्यांची गोष्ट. घरच्या लॅपटॉपचं काय? १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज ११चा नेहमीचा मासिक अपडेट आला. त्यानंतर एक विचित्र प्रकार झाला. विंडोज चालू असताना सगळं ठीक, पण रिकव्हरीच्या स्क्रीनवर गेलं की यूएसबीचे कीबोर्ड आणि माउस चालेनात. समोर पर्याय दिसतायत आणि एकही निवडता येत नाही. २० ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने तातडीचा दुरुस्ती अपडेट दिला. पण ज्यांचं मशीन मधल्या काळात अडकलं, त्यांच्यासाठी सांगितलेले मार्ग होते टचस्क्रीन वापरा, जुन्या गोल पिनचा कीबोर्ड लावा, किंवा आधी बनवून ठेवलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह वापरा.

आधी बनवून ठेवलेला. सगळं त्या 'आधी'मध्ये आहे.

चावी कपाटातच राहिली तर?

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय: "विंडोजमध्ये रिकव्हरी आपोआप येते की. तीन वेळा बंद-चालू केलं की निळा मेन्यू येतो. मग वेगळा पेनड्राइव्ह कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. तो मेन्यू असतोच, आणि साध्या दुखण्याला पुरतोही. पण तो राहतो कुठे? तुमच्याच एसएसडीच्या एका कोपऱ्यात. म्हणजे घरातल्या गोदरेजच्या कपाटाची दुसरी चावी आपण त्याच कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतलं, तसं झालं. एसएसडी बिघडली, त्यावरची विभागणी उडाली, किंवा नवीन एसएसडी बसवली, की तो मेन्यूही गेला. पेनड्राइव्ह ही बाहेर ठेवलेली चावी.

आणि चावी म्हणजे दागिने नव्हेत, हेही इथेच समजून घ्या. विंडोजच्या रिकव्हरी पेनड्राइव्हमध्ये तुमचे फोटो, प्रोजेक्ट, पप्पांच्या दुकानाचा टॅलीचा डेटा, यातलं काहीही नसतं. त्यात फक्त मशीन उठवायची आणि विंडोज परत टाकायची हत्यारं असतात. तुमचा खरा बॅकअप, म्हणजे फाइली किंवा अख्ख्या डिस्कची प्रतिमा, वेगळ्या एक्स्टर्नल हार्डडिस्कवर हवी. दोन्ही एकाच पेनड्राइव्हवर कोंबायच्या भानगडीत पडू नका. एक तर रिकव्हरी ड्राइव्ह बनवताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. दुसरं, तो एक हरवला की चावीही गेली आणि दागिनेही.

एवढं पक्कं झालं की खरेदी सोपी होते. कारण आपण साठवणुकीची वस्तू घेत नाही आहोत. वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून राहील आणि ज्या दिवशी लावू त्या दिवशी चालेल, अशी वस्तू घेतोय.

किती जीबीचा?

सरळ उत्तर: ३२ जीबी.

आता कारण. विंडोज इन्स्टॉल करायचा पेनड्राइव्ह बनवायला मायक्रोसॉफ्टचं टूल किमान ८ जीबी मागतं. सिस्टीम फाइलींसकट रिकव्हरी ड्राइव्ह बनवायचा तर किमान १६ जीबी धरा. क्लोनझिलासारखं डिस्कची प्रतिमा बनवणारं मोफत सॉफ्टवेअर तर एक जीबीच्या आत मावतं. मग १६चा का नको? कारण पाकिटावर १६ लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजमध्ये १४.९च्या आसपास दिसतो. फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. त्यामुळे १६चा अगदी काठावर बसतो. ३२चा २९.८ दिसतो, म्हणजे ऐसपैस.

बरं, मग १२८चा घेऊ, असूदे की जास्त! इथे तो 'जास्तीत जास्त ३२' परत येतो.

लॅपटॉपचं बटण दाबलं की विंडोजच्या आधी मदरबोर्डवरचं एक छोटं सॉफ्टवेअर जागं होतं. त्याचं नाव यूईएफआय. जुनी मंडळी अजून बायोसच म्हणतात. कुठल्या डिस्कवरून सुरुवात करायची हे ते शोधतं. त्याला सगळ्या प्रकारचं फॉरमॅटिंग वाचता येत नाही. हमखास वाचता येतं ते फॅट३२, जुनं आणि साधं. विंडोजचं एनटीएफएस काही मशीनना वाचता येतं, काहींना नाही. म्हणून बूट होणारा पेनड्राइव्ह शक्यतो फॅट३२मध्येच बनतो. आणि विंडोजची टूल्स वर्षानुवर्षं फॅट३२चा भाग ३२ जीबीपर्यंतच बनवत आली आहेत. तुम्ही १२८चा दिलात तर त्यातले ३२ वापरले जातात आणि उरलेली जागा तशीच रिकामी पडून राहते. पैसे गेले, उपयोग शून्य.

घरात ६४चा नवा पडून असेल तर चालेल का? चालेल, फक्त अर्धा वाया जाईल. मुद्दाम मोठा विकत घेऊ नका, एवढंच.

एक अपवाद आहे. व्हेंटॉय नावाचं मोफत टूल आहे. त्यात एकाच पेनड्राइव्हवर विंडोज, लिनक्स, क्लोनझिला अशा बऱ्याच आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करून टाकता येतात आणि चालू करताना यादीतून निवडता येतं. ते मोठ्या भागासाठी एक्सफॅट वापरतं आणि बूटसाठी वेगळा छोटा भाग ठेवतं. हॉस्टेलमध्ये सगळ्यांचे लॅपटॉप तुमच्याकडेच येत असतील, तर ६४ किंवा १२८ घ्या आणि व्हेंटॉय टाका. पण सिक्युअर बूट चालू असलेल्या लॅपटॉपवर पहिल्यांदा त्याची नोंदणी करून घ्यावी लागते. घरी आई किंवा काका वापरणार असतील, तर साधा एका कामाचा पेनड्राइव्हच बरा.

स्पीडवर किती पैसे घालायचे?

पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला स्पीड हा बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. आणि नावांचा गोंधळ तर विचारूच नका. यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ ही एकाच वेगाची तीन नावं आहेत. सेकंदाला ५ गिगाबिट. नुसत्या आकड्याने भुलू नका.

रिकव्हरीच्या कामात काय होतं, तर बूट होताना काहीशे एमबीची एक छोटी विंडोज पेनड्राइव्हवरून रॅममध्ये उचलली जाते आणि पुढे तिथूनच चालते. समजा ५०० एमबी आहे. सेकंदाला ३० एमबी वाचणारा साधा पेनड्राइव्ह १७ सेकंदांत ते उरकतो. १०० एमबी वाचणारा ५ सेकंदांत. लॅपटॉप मेलाय त्या दिवशी या १२ सेकंदांनी काय फरक पडणार आहे?

तरी मी यूएसबी ३चाच घ्या म्हणेन. बनवताना बरंच लिहावं लागतं, आणि तिथे अगदी मंद पेनड्राइव्ह जीव खातो. सेकंदाला ८ एमबीने १६ जीबी लिहायला अर्ध्या तासाच्या वर जातो. शिवाय ३२ जीबीच्या साध्या यूएसबी २ आणि यूएसबी ३मध्ये किमतीचा फरक फारसा नसतो. पण सेकंदाला ४०० एमबीवाला महागडा घेऊ नका. ते पैसे एक्स्टर्नल हार्डडिस्ककडे वळवा, जिथे खरा बॅकअप राहणार आहे.

जुन्या मशीनवाल्यांसाठी एक टीप. निळ्या पोर्टवरून पेनड्राइव्ह बूट होत नसेल, तर काळ्या, म्हणजे यूएसबी २च्या पोर्टला लावून बघा. यूएसबी ३चा पेनड्राइव्ह तिथेही चालतो.

पोर्ट, बॉडी आणि दिवा

आधी आपल्या लॅपटॉपच्या कडा बघा. काही पातळ लॅपटॉपना आता फक्त टाइप-सी पोर्ट असतात. अशा वेळी दोन तोंडांचा पेनड्राइव्ह उत्तम, एका बाजूला नेहमीचं चपटं यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी. तो फोनलाही लागतो, आणि त्याचा फायदा पुढे सांगतो. हबमधून किंवा डॉंगलमधून लावलेला पेनड्राइव्ह काही मशीन बूटच्या वेळी ओळखत नाहीत. म्हणून थेट लागेल असाच घ्या.

नखाएवढे अगदी छोटे पेनड्राइव्ह दिसायला छान, पण सलग वापरात गरम होतात आणि हरवायला तर सोपेच. नेहमीच्या आकाराचा घ्या. त्यावर लुकलुकणारा दिवा असेल तर जरूर घ्या. स्क्रीन काळी असताना आत काही वाचलं जातंय की सगळं थांबलंय, हे सांगणारा तेवढाच एक इशारा असतो.

काही पेनड्राइव्हना बाजूला छोटं बटण असतं, सरकवलं की त्यावर काही लिहिता येत नाही. व्हायरस लागलेल्या मशीनमध्ये लावायची वेळ आली तर हे बटण सोन्यासारखं. सगळीकडे मिळत नाही, मिळालं तर सोडू नका.

आणि काय घेऊ नये? पासवर्डचं सॉफ्टवेअर आत भरून येणारे 'सिक्युअर' पेनड्राइव्ह. त्यांचं कुलूप विंडोजमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरने उघडतं. आपल्याला तर विंडोज चालू व्हायच्या आधी लागणार आहे. मग कुलूप उघडणार कोण?

नकली मालाचा खेळ

'२ टीबी पेनड्राइव्ह, फक्त काहीशे रुपयांत' अशी जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. यात होतं काय, ते समजून घ्या. पेनड्राइव्हमध्ये दोन मुख्य भाग असतात. एक मेमरी चिप, जिथे माहिती राहते. दुसरा कंट्रोलर, जो लॅपटॉपशी बोलतो. नकली पेनड्राइव्हमध्ये चिप असते ८ किंवा १६ जीबीची, पण कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. लॅपटॉपने विचारलं की तो म्हणतो, "माझ्यात २ टीबी जागा आहे." लॅपटॉप बिचारा विश्वास ठेवतो. खरी जागा भरली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं किंवा आधीच्यावरच लिहिलं जातं. फाइलींची नावं यादीत नीट दिसतात, आत मात्र कचरा.

सिनेमा असता तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं. रिकव्हरी पेनड्राइव्ह आपण वर्षभर उघडतच नाही. तो खोटा आहे हे कळायची वेळ म्हणजे नेमकी सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉप बसल्यावर.

म्हणून दोन गोष्टी करा. लॅमिंग्टन रोडवर घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत घ्या किंवा ऑनलाइन, पावती आणि वॉरंटी असलेला ओळखीच्या ब्रँडचाच घ्या. ऑनलाइन घेताना विक्रेत्याचं नाव बघा, नुसतं साइटचं नाही. आणि पाकीट फोडल्यावर पहिलं काम, तपासणी. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं मोफत टूल आहे. ते सगळी रिकामी जागा भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. लिनक्स आणि मॅकवर तेच काम एफ३ करतं. ३२ जीबीला साधारण अर्धा-पाऊण तास लागेल. घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह आहे, ते जागोजागी नमुने तपासून काही मिनिटांत अंदाज देतं. तपासणी नापास झाली तर परत करा. 'थोडा तर चालतोय' म्हणून ठेवू नका.

बनवण्याआधी ४८ आकडे शोधा

हा मुद्दा पेनड्राइव्हपेक्षाही महत्त्वाचा आहे, म्हणून नीट वाचा.

हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की हे कुलूप बहुतेक मशीनवर आपोआप लागतं. चोराच्या दृष्टीने उत्तम. पण पेनड्राइव्हवरून बूट करून आपण डिस्क उघडायला गेलो, की ती आपल्यालाही चोरच समजते आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती नसेल तर जगातला सगळ्यात भारी पेनड्राइव्हही तुमची एकसुद्धा फाइल दाखवू शकत नाही. क्राउडस्ट्राइकच्या वेळी कंपन्यांचा बराच वेळ हीच की शोधण्यात गेला.

ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, उपकरणांच्या पानावर असते. आजच फोनवरून लॉगिन करून बघा. आकडे कागदावर लिहा आणि तो कागद मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको, आणि लॅपटॉपमध्ये सेव्ह करून तर अजिबात नको. कपाट आणि चावीचा नियम इथेही तोच.

बनवा आणि लगेच लावून बघा

बनवणं अवघड नाही. स्टार्टमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधा, सिस्टीम फाइलींच्या चौकटीत टिक करा, पेनड्राइव्ह निवडा, आणि चहा प्यायला जा. पुन्हा सांगतो, त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. डिस्कच्या प्रतिमा घ्यायला तुम्ही क्लोनझिला, रेस्क्यूझिला किंवा दुसरं कुठलं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्याचा स्वतःचा बूट होणारा पेनड्राइव्ह वेगळा बनवा. कारण त्या प्रतिमा विंडोजच्या रिकव्हरी ड्राइव्हला उघडता येत नाहीत.

"मित्राच्या लॅपटॉपवर बनवलेला चालेल का?" हाही प्रश्न नेहमी येतो. विंडोज इन्स्टॉल करायचा पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या मशीनवर बनवलेला चालतो. पण सिस्टीम फाइलींसकटचा रिकव्हरी ड्राइव्ह ज्या लॅपटॉपसाठी आहे त्याच्यावरच बनवा, त्यात त्या मशीनची विंडोज असते. आणि स्नॅपड्रॅगन चिपच्या लॅपटॉपला इंटेलवर बनवलेला चालणार नाही, दोघांची भाषाच वेगळी.

आता परीक्षा. बिटलॉकरची की हातात घ्या. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप पूर्ण बंद करा, चालू करताना बूट मेन्यूचं बटण टिचकत राहा. डेल, लेनोवो आणि एसरच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर एफ९, आसूसवर एस्केप. एसरमध्ये हा मेन्यू कधी कधी आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. यादीत पेनड्राइव्ह दिसला की निवडा.

निळा मेन्यू आला म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका. कीबोर्ड आणि टचपॅड चालतात का बघा. बॅकअप सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह असेल तर त्यात तुमची एसएसडी आणि एक्स्टर्नल हार्डडिस्क दोन्ही दिसतात का बघा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते. तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये नसेल, तर बूट छान होतं आणि डिस्क मात्र दिसतच नाही. हे आज कळलं तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर आणून पेनड्राइव्हवर टाकता येतो. त्या दिवशी कळलं, तर कुणाचा तरी दुसरा लॅपटॉप शोधत फिरायचं.

बघून झालं की लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह काढा, नेहमीसारखा चालू करा. उत्सुकतेपोटी 'ड्राइव्हवरून रिकव्हर करा' हा पर्याय दाबू नका. तो तुमच्या फाइली पुसून विंडोज नव्याने टाकतो.

हातात फक्त फोन असेल तर?

आपले बरेच श्रोते फोनवालेच आहेत. समजा काही बनवून ठेवलेलं नाही, घरातला एकमेव लॅपटॉप बसलाय आणि हातात अँड्रॉइड फोन आहे. अशा वेळी एचड्रॉइड नावाचं मोफत, मुक्तस्रोत अॅप उपयोगी पडतं. फोनवर लिनक्सची आयएसओ फाइल उतरवायची, दोन तोंडांचा पेनड्राइव्ह फोनला लावायचा आणि अॅपने ती फाइल त्यावर लिहायची. फोन रूट करावा लागत नाही. मग त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप लिनक्समध्ये चालू होतो आणि डिस्क शाबूत असेल तर फाइली दुसरीकडे कॉपी करता येतात. डिस्कला कुलूप असेल तर इथेही ते ४८ आकडे लागतातच. आणि विंडोजची आयएसओ या अॅपने लिहिता येत नाही, हेही लक्षात असू द्या. म्हणजे फाइली वाचतील, पण विंडोज दुरुस्त करायला दुसरा लॅपटॉप लागेल.

दिवाळीच्या साफसफाईत एक काम वाढवा

पेनड्राइव्ह एकदा बनवला म्हणजे आयुष्यभराचं काम झालं, असं नाही. मेमरी चिपमध्ये माहिती म्हणजे छोट्या छोट्या कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार. वर्षानुवर्षं वीज न देता पडून राहिलं की तो हळूहळू गळतो, आणि उष्णतेत जास्त लवकर गळतो. त्यामुळे टीव्हीच्या मागे किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

दुसरं कारण विंडोजचंच. सिक्युअर बूटमध्ये धोकादायक ठरलेल्या जुन्या बूट फाइली रद्द करायचं काम मायक्रोसॉफ्टने २०२३पासून टप्प्याटप्प्याने चालू केलंय. तो बदल तुमच्या लॅपटॉपवर लागू झाला, की आधी बनवलेला पेनड्राइव्ह चांगला असूनही बूट होणार नाही. मायक्रोसॉफ्टही रिकव्हरी ड्राइव्ह दरवर्षी नव्याने बनवा असंच सांगतं. दिवाळीची साफसफाई आपण विसरत नाही, तिलाच हे जोडून टाका. नव्याने बनवायचा, लावून बघायचा, तारीख बदलायची.

तारीख म्हणजे, पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून मार्करने लिहा: लॅपटॉपचं मॉडेल, तारीख, आणि ठळक अक्षरात 'फॉरमॅट करू नये'. नाहीतर घरातलं कुणीतरी रिकामाच पडलाय म्हणून उचलतं, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला नेतं, आणि परत येतो तो व्हायरस घेऊन. किंवा येतच नाही.

तर मंडळी, दुकानात जाताना एवढं लक्षात ठेवा: ३२ जीबी, यूएसबी ३, आपल्या पोर्टला थेट बसणारा, ओळखीच्या ब्रँडचा, पावतीसह. घरी आल्यावर तपासायचा, बनवायचा, लावून बघायचा, नाव-तारीख घालून ठेवून द्यायचा. खर्च काहीशे रुपये आणि एक संध्याकाळ.

पुढच्या भागात कपाटातल्या दागिन्यांबद्दल बोलू, म्हणजे एक्स्टर्नल हार्डडिस्कवर खरा बॅकअप कसा आणि किती वेळा घ्यायचा. तोपर्यंत तुमचा पेनड्राइव्ह बूट झाला की नाही, ते कमेंटमध्ये नक्की कळवा. झाला नसेल तर लॅपटॉपचं मॉडेल आणि स्क्रीनवर काय दिसलं तेही लिहा, मिळून बघू. भेटू पुढच्या आठवड्यात!